यायचंच

काकासाहेबांनी शिक्का फेकला तो थेट हळदीच्या वाटीत जाऊन पडला. वाटी कलंडली, सतरंजी पिवळी झाली आणि हरिओमच्या लग्नाच्या वीसेक कोऱ्या पत्रिकांना वेळेआधीच हळद लागली.

"न्हाई!" काकासाहेब ओरडले. दिवाळीच्या पाठोपाठ त्यांचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून जीभ जड झाली होती. दहातले आठ शब्द तोंडातल्या तोंडातच राहायचे. 'न्हाई' तेवढा खणखणीत उरला होता आणि ते तो पुरेपूर वापरत. "न्हाई! न्हाई!"

जालन्यातल्या मस्तगडच्या त्या दोन खोल्यांत भरलेली माणसं पिवळ्या होणाऱ्या सतरंजीवरून मागे सरकली. साळूबाईंनी नवऱ्याकडे एकवार बघितलं आणि हळद गोळा करायला घेतली. धाकट्या लेकाने, नवरदेव हरिओमने, हातातला मोबाइल खिशात घातला, म्हणजे प्रसंग खरोखरच गंभीर होता.

या भावकीत पत्रिका नुसती छापून भागत नाही. छापलेल्या पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात काकासाहेब काळ्या शाईने 'यायचंच' लिहीत आणि खाली सही करत. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात गेटच्या ऑफिसात उभी हयात लिहिण्यात गेलेली, त्यामुळे अक्षर असं की बघत राहावं. लग्न भावकीतल्या कुणाच्याही घरचं असो, पत्रिकांचा गठ्ठा आधी त्यांच्याकडे यायचा. माणसं पत्रिका हातात घेतली की पहिला तो कोपरा बघत, मुहूर्त मागाहून. कोपरा कोरा असला तर म्हणत, हे नुसतं कळवलंय, बोलावलं कुठंय?

हा नेम एकदाच मोडला, सात वर्षांपूर्वी, लेक सुरेखाच्या लग्नात. मुलाकडच्यांनी तारीख अलीकडे ओढली, काकासाहेब मंगल कार्यालय आणि आचारी यांच्यात अडकून पडले, आणि थोरल्या लेकाने, कल्याणने, हौसेने सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवर छापून पाकिटांना स्टिकर चिकटवले. चारशे पत्रिका एका दुपारीत पोस्टात. भावकी कुरकुरली, पण आली. एक माणूस आला नाही. कुंभार पिंपळगावचे दादा, काकासाहेबांचे सख्खे थोरले भाऊ. त्या दिवसापासून ना ते जालन्याच्या घरी आले, ना काकासाहेब गावी गेले. स्टिकरचा राग आला असेल, असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी काकासाहेबांना विचारलं होतं, काय पाहिजे? पाणी मागतील असं वाटलं. ते म्हणाले, "दादा." त्या आठवड्यात तेवढा एकच शब्द निघाला. हरिओमच्या मांडवात दादा उभे पाहिजेत, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. आणि ज्या हाताने बोलवायचं तो हात मांडीवर पडून होता.

म्हणून तर शीतलने शिक्के केले होते. शीतल ही कल्याणची बायको. लोकांच्या अक्षराचे रबरी शिक्के करून देण्याचा तिचा दोन वर्षांचा धंदा. कुणी निवृत्त बाईंचं वहीवरचं 'शाब्बास' आणतं, कुणी गेलेल्या आईच्या चिठ्ठीतलं 'सांभाळून जा'. शीतल त्याचा फोटो काढते, कॉम्प्युटरवर अक्षर उलटं फिरवते आणि खालच्या गल्लीतल्या फकरोद्दीन चाचांकडून रबरावर कोरून, लाकडी मुठीवर बसवून घेते. सुरुवातीला ती अक्षर घोटून गुळगुळीत करायची. अंबडच्या एका बाईंनी तसा शिक्का परत आणला. "ही माझी माय न्हाई," म्हणाल्या, "तिचा हात कापायचा." तेव्हापासून शीतल कुणाचा कापरा हात सरळ करायच्या फंदात पडत नाही.

सासऱ्यांच्या जुन्या रोजनिशांवरून तिने तीन शिक्के केले होते. एक 'यायचंच', एक सही, आणि तिसरा खास दादांच्या पाकिटासाठी. पहिले दोन काकासाहेबांनी डाव्या हाताने चाचपले, नाकाशी नेले, हसलेसुद्धा. तिसरा शीतलने कागदावर उमटवून दाखवला. 'ती. कचरूदादा यांस'. काकासाहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि पुढचं तर हळदीने पाहिलंच.

"मी म्हणलंच होतं," सुरेखाने तोंड उघडलं. ती परतूरहून, सासरहून कालच आली होती आणि यायच्या आधीपासून तिचं मत तयार होतं. "बापूचं अक्षर म्हंजे काय ग्रामपंचायतीचा गोल शिक्का हाय का? मारा ठप्पा अन् चला पुढं! त्यांच्या जिवाला काय वाटत असंल?"

"पहिले दोन आवडले की त्यांना, ताई."

"मंग तिसरा काहून फेकला?"

शीतलने हळदीतून शिक्का उचलला आणि उलटसुलट करून बघितला.

"सुरेखा, गप," कल्याण म्हणाला.

"भाऊ, तू तर बोलूच नको. तुझ्या स्टिकरनं माझ्या लग्नात थोरल्या बापूची जागा रिकामी ठिवली. आता तुझ्या बायकोचा शिक्का ह्या लग्नात ठिवतो."

कल्याण बेचाळीस वर्षांचा होता. हे वाक्य तो सात वर्षं ऐकत होता, आणि दर वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागायचं. तो उठून खिडकीशी गेला आणि गल्लीत बघण्यासारखं काही नसताना बघत राहिला.

शीतल उरलेले दोन शिक्के डब्यात ठेवू लागली. महिनाभर तिने त्या अक्षरांवर डोळे फोडले होते. धंद्यातली कामं मागे ठेवून. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर या घरातल्या कुणीतरी एकदा 'चांगलं केलंस' म्हणावं म्हणूनही.

"शीतल, जा बाई," साळूबाई म्हणाल्या. सुनेला आता बाहेर पडायला निमित्त पाहिजे, हे त्यांना बराबर कळलं. "तेवढा शिक्का चाचाकडून साफ करून आण. हळद रबराला धरंल."

*

फकरोद्दीन चाचांचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की चाचांना पाय आखडून घ्यावे लागतात. पन्नास वर्षं त्यांनी शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवून शिक्के केले. कोरायचं मशीन आलं ते आत्ता, नातवाच्या हट्टाने. सरळ छापलेला पेपर वाचायला त्यांना चष्मा लागतो. उलटी अक्षरं ते बिनचष्म्याची वाचतात.

शीतल काय घडलं ते सांगत होती, तोवर त्यांनी जुन्या ब्रशने हळद झाडली, शिक्का उलटा धरला आणि कागदावर उमटवून न बघता रबराकडेच बघत राहिले.

"काकासाहेबांनी फेकला? ते तर कव्हा आवाज चढवत नै."

"आज चढवला. सगळे म्हणून राह्यले, मी त्यांच्या अक्षराचा बाजार केला."

"बाकीचे दोन फेकले का?"

"न्हाई ना. हाच."

चाचांनी शिक्का उजेडात धरला. "बेटी, राग न्हाई मानायचा. हात उनकाच है. पण हा शब्द त्यांचा नै."

"म्हंजे?"

"तू सरळ वाचती, म्हणून तुला नाव दिसतं. मी उलटं बघतो, मला नुस्ता हात दिसतो. हे बघ. 'क' लिहिताना माणूस जल्दीत हाय. 'च' लिहिताना आरामात. 'रू' तर दुसऱ्याच सालातला. जोड हाय हा. पुढचं 'दादा' बघ, कसं एका दमात गेलंय."

शीतल ओशाळली. जोड होताच. 'क' तिने 'कल्याण'मधून घेतला होता, 'च' 'चहा'मधून, 'रू' कुठल्याशा 'रूम'मधून. "मी काय करू चाचा? बारा रोजनिशा चाळल्या. पानोपानी दादा हायेत. दादा आले, दादांकडं गेलो, दादांना ताप. पण नाव कुठंच सापडलं न्हाई. मंग जोडलं."

"सापडलं न्हाई," चाचांनी विचारलं, "का लिहिलंच न्हाई?"

शीतल ताडकन उठली. मग तिने शिक्का त्यांच्या हातातून घेतला, चपला पायात सरकवल्या न सरकवल्या आणि घराकडे निघाली. चाचांनी मागून ओरडून सांगितलं की सावकाश जा, नाली उघडी आहे.

*

ती आली तेव्हा पत्रिका तशाच पसरलेल्या होत्या आणि जो तो भिंतीला टेकून आपापल्या जागी रुसला होता. शीतल सरळ काकासाहेबांपुढे जाऊन बसली.

"मामा, एक विचारते. दादांचं नाव तुम्ही कव्हाच लिहिलं न्हाई ना?"

काकासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "न्हाई," ते म्हणाले. तोच शब्द, पण या खेपेला इतका हळू की सुरेखा भिंतीपासून पुढे सरकली.

"कसं लिव्हतील?" साळूबाई म्हणाल्या. "त्यांच्या तोंडून कव्हा ऐकलंय का कुणी?"

"पण काहून, माय?"

"अगं, थोरल्यांच्या आधी सासूबाईंची तीन लेकरं गेली. हे जगावं म्हणून उकिरड्यावर ठिवलं, तिथून उचलून घरात आणलं अन् मंग ते नाव ठिवलं. तव्हा तसंच करायचे. पण गावाला काय, चेष्टेला आयतं कारण. लहान-थोर सगळे कचऱ्या म्हणून हाका मारायचे. ह्यांनी सहा-सात वर्षांचे असताना त्याच्यापायी एका पोराचं डोकं फोडल्तं. तव्हापासून ते नाव न्हाई. दादा म्हंजे दादा. पत्राचा पत्तासुद्धा सासऱ्यांच्या नावानं घालायचे, पोस्टमनला म्हाईत होतं." त्या थांबल्या. "अन् थोरले कव्हा शाळेत गेले न्हाईत, ते बी ह्यांच्यापायीच. एका घरातून एकच पोरगं शाळेत धाडायची ऐपत होती."

"माय, हे तू आधी काहून न्हाई सांगितलं?" सुरेखा चिडली.

"मला कुणी विचारलं? अन् शिक्क्यावर काय लिव्हलंय ते मला वाचता येतं का, बाई?"

खिडकीपाशी कल्याण उभा होता. त्याच्या मनात सात वर्षं एक चिकटवलेला कागद होता, आणि आज त्यावरची अक्षरं त्याला पहिल्यांदा दिसली. तो वळला. बोलला नसता तरी चाललं असतं, कुणी विचारलं नव्हतं. पण तो बोलला.

"बापू," तो म्हणाला, "स्टिकरवर मी 'श्री. कचरू व परिवार' छापल्तं."

काकासाहेब हे पहिल्यांदा ऐकत होते. पत्रिका पाहायला त्यांना त्या वेळी सवडच झाली नव्हती. आपल्या नावाच्या आमंत्रणावर, आपल्याच घरून, दादांना गावाने मारलेली ती हाक गेली होती.

त्यांनी डावा हात उचलला. कल्याण जवळ जाऊन बसला. त्याला वाटलं, आता एक बसणार, आणि बसली तर बरंच होईल. हात त्याच्या मानेमागे आला आणि काकासाहेबांनी लेकाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. कल्याण लहान पोरासारखा रडला. हरिओमला काय करावं ते कळेना, तो पाणी आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

सुरेखा उठली. तिने आपल्या पिशवीतून प्लास्टिकची एक पिशवी काढली, तिच्यातून पत्रांची चळत. हॉस्टेलला असताना बापूने तिला पाठवलेली. मागच्या महिन्यात शीतलने हीच पत्रं मागितली होती आणि तिने साफ नकार दिला होता.

"मला वाटलं, माझी पत्रं बाजारात जातील," ती शीतलकडे न बघता म्हणाली. मग बघितलं. "हे घे, वहिनी. परत्येक पत्राच्या खाली एकच ओळ हाय. 'सुट्टीत गावाकडं गेलीस की ती. दादांना नमस्कार.' तेवढं एका दमातलं हाय, जोडायचं काम न्हाई."

"फोटो काढू?"

"काढ. पण इथं बसूनच काढ. पत्र मी खाली नेऊ द्यायची न्हाई."

"बरं बाई," शीतल म्हणाली, आणि शिक्का फेकल्यापासून पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिक्का तयार झाला. 'ती. दादांना नमस्कार.' काकासाहेबांनी तो डाव्या हातात घेतला, शाईवर टेकवला आणि स्वतः पाकिटावर दाबला. हात थरथरला, ओळ उजवीकडे उतरत गेली. ते नाराज झाले, दुसरं पाकीट मागू लागले.

"राहू द्या, मामा," शीतल म्हणाली. "हात कापला तर कापला. सरळ काहून करायचं?"

पाकिटात पत्रिका गेली. तिच्या कोपऱ्यात 'यायचंच' होतं, तेही वाकडंच.

*

कुंभार पिंपळगावात त्या दिवशी बाजार होता. दादा अंगणात बाजेवर बसून तुरीचं बियाणं निवडत होते. वय अठ्ठ्याहत्तर, नजर मंदावलेली, पण बोटांना किडका दाणा बराबर कळायचा. गाडी दाराशी थांबली तेव्हा त्यांना वाटलं, सुनेच्या माहेरचं कुणी असेल.

सुरेखा उतरली आणि पाया पडली. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं.

"लग्न झालं तुझं," ते म्हणाले. सात वर्षांत या पोरीशी बोलायचं काय राहिलं होतं, तर तेवढं.

"झालं की, थोरले बापू. तुमच्याबिगर."

मागून एक डोक्यावर पदर घेतलेली पोरगी आली, कल्याणची बायको. तिने पाकीट पुढे केलं. कल्याण गाडीपाशीच घुटमळत राहिला.

सून शिवकन्या घरातून हात पुसत आली. धाकट्या सासऱ्यांची जुनी पत्रं तीच वाचून दाखवायची. "द्या मामा, मी वाचते."

"थांब," दादा म्हणाले. "एवढं मला येतं."

दादांना अक्षर येत नव्हतं. पण तीस वर्षं भावाचं पत्र आलं की पहिली ओळ डोळ्यांखाली जायची, 'ती. दादांना नमस्कार', आणि दर वेळी कुणीतरी ती वाचून दाखवायचं. वाचायला न शिकताच ती ओळ त्यांच्या ओळखीची झाली होती. त्यांनी पाकीट डोळ्यांशी नेलं. बोट फिरवलं.

"ती. दादांना नमस्कार," ते म्हणाले.

सुरेखाने तोंडाला पदर लावला.

दादा पाकिटावरून बोट फिरवतच होते. "पेनानं न्हाई लिव्हलं हे. पेनाचा कागदावर वळ उठतो."

"न्हाई," शीतल म्हणाली. खोटं बोलायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. "शिक्का हाय, मोठे मामा. अक्षर मामांचंच, जुन्या पत्रातलं. शिक्का मी केला."

"अन् दाबला कुणी?"

"मामांनी. डाव्या हातानं."

"म्हणून वाकडा हाय," दादा म्हणाले. मग त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. "मी आल्तो दवाखान्यात. दिवाळी झाल्यावर. काचेतून बघून गेलो. झोपेल होता."

"आत काहून न्हाई आलात?" सुरेखाला रडू आवरेना.

"बोलावलं कुठं होतं?" त्यांनी तूर एका बाजूला सारली. "पोरी, स्टिकरचं मला काय बी न्हाई. नवा जमाना हाय. पण शिवकन्यानं वाचून दाखवलं, काय लिव्हलंय ते. गावानं जन्मभर मला कचऱ्या म्हणलं. मला त्याचं कव्हा वाईट वाटलं न्हाई, कारण घरात एक होता न म्हणणारा. त्या दिशी वाटलं, तो बी गावात गेला."

कल्याण गाडी सोडून कधी आला ते कुणाला कळलं नाही. तो दादांच्या पायाशी उकिडवा बसला. "बापूनं बघितलंबी नव्हतं ते. मी छापल्तं. मला म्हाईत नव्हतं, थोरले बापू, खरंच म्हाईत नव्हतं."

"सात वर्षं लागली व्हय रे सांगायला?"

"काय चुकलं तेच मला परवा कळलं."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याचंच नाक, धाकट्याचंच तोंड खाली घालून बसणं. राग आणायचा म्हटलं तरी येईना. उलट सात वर्षं आपण एका पोराच्या चुकीवर रुसून बसलो आणि तिकडे भाऊ अंगाने लुळा पडला, या विचाराने त्यांनाच अपराध्यासारखं झालं.

"बाकीच्यांच्या पत्रिका झाल्या का?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?" कल्याण म्हणाला. "चारशे हायेत. बापूचा हात दहा झाल्या की थकतो. दुसऱ्या कुणाला शिक्का धरू देत न्हाईत."

"मंग मी हितं तूर निवडत काय करून राह्यलो?" दादा उठले. "शिवकन्या, माझी टोपी आण, जल्दी."

*

भावांची भेट बघायला गल्लीतली दोन घरं दारात आली होती, पण बघण्यासारखं फारसं झालं नाही. साळूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बाजूला झाल्या. काकासाहेब भिंतीला धरून उभे राहू लागले, तर दादा म्हणाले, "बस, बस. सरक तिकडं. जागा कर." आणि शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी भावाचा पडलेला उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तो तिथेच राहू दिला. काकासाहेबांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. ते पुसायचं भान दोघांनाही नव्हतं.

मग काम सुरू झालं. हरिओम पत्रिका उघडून पुढे ठेवायचा. काकासाहेब डाव्या हाताच्या बोटाने कोपरा दाखवायचे. दादा 'यायचंच'चा आणि त्याखाली सहीचा शिक्का शाईवर टेकवून तिथे दाबायचे. साळूबाई हळद-कुंकवाची बोटं ओढायच्या आणि सुरेखा नि शीतल शाई वाळायला पत्रिका सतरंजीवर मांडत जायच्या. शिक्का दुसऱ्या कुणाच्या हातात न देणारे काकासाहेब त्या दिवशी एकदाही 'न्हाई' म्हणाले नाहीत.

म्हणजे एकदा म्हणाले. पहिलीच पत्रिका. दादांनी एवढा जोर लावला की बाज विणायला बसलेत असं वाटावं. उचलून बघितलं.

"सरळ बसलं का रे?"

काकासाहेबांनी पाहिलं. 'यायचंच' डोक्यावर उभं होतं. "न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हसण्याने गदगदू लागले. दादांनाही हसू फुटलं. ती पत्रिका हरिओमने सासरी पाठवायची नाही म्हणून खिशात घातली.

शीतल बघत होती. ज्याने पाटी कधी हातात धरली नाही, तो माणूस भावाच्या अक्षरात शेकड्यांनी माणसांना बोलवत होता. दर पत्रिकेला विचारायचा, "ही कुणाची?" आणि नाव ऐकून म्हणायचा, "यायचंच म्हणावं." महिनाभराचा शीण तिच्या अंगावरून उतरून गेला. सुरेखाने तिच्याकडे झुकून हळूच म्हटलं, "चांगलं केलंस, वहिनी," आणि लगेच पुढची पत्रिका उचलली, जसं काही बोललीच नाही.

उन्हं कलली तेव्हा शेवटची पत्रिका वाळत पडली. एक कोरं पाकीट उरलं होतं. हरिओम ते आत ठेवू लागला तर दादांनी मागून घेतलं. मुठीवरची खूण बघून 'यायचंच'चा शिक्का निवडला, शाईवर दोनदा टेकवला आणि पाकिटाच्या बरोबर मध्ये, यावेळी सरळ, दाबला.

"हे घे," त्यांनी पाकीट काकासाहेबांच्या डाव्या हातात दिलं. "तू मला लई पत्रं लिव्हली. मी एक बी न्हाई लिव्हलं, मला येतच नव्हतं. हे पयलं. लग्न झालं की गावाकडं."

काकासाहेबांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं. आपलंच अक्षर, दादांकडून आलेलं. त्यांचे ओठ हलू लागले. साळूबाई, कल्याण, सुरेखा, सगळे थांबले. काय येईल ते सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडातून साफ निघणारा शब्द त्यांच्यापाशी एकच होता.

"ये," काकासाहेब म्हणाले. थांबले. घाम फुटला. "येतो, दादा."

"बघ, शाई ओली हाय अजून," दादा म्हणाले, आणि पाकीट भावाच्या हातातून घेऊन त्यावर फुंकर घालत बसले.